उपग्रह ५८ म्हणतो, केंद्र ४२ म्हणतं: कोणाचं धरायचं?

रावेरचा_केळीवाला

मंडळी, रामराम. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, पण या वेळी जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्या महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. केळीचा हवामान आधारित विमा त्याच्याच आकड्यावर चालतो. सलग ठरावीक दिवस तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर राहिलं तर भरपाई, नाहीतर हात हलवत परत. मे महिन्यात निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेतले घड सटकले, पानं कडेने करपली, आणि केंद्राचा आकडा मात्र रोज मर्यादेच्या जेमतेम अर्धा-एक अंश खाली. ते केंद्र ज्या शेतात उभं आहे तिथे कुंपणाला लागून केळी आहे. ठिबक चालू, आणि वारा आला की पानं थेट खांबावर.

आता भाच्याने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा दाखवला. त्यात एका दुपारी तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सगळा पट्टा गडद लाल. ५५ ते ५८ अंश! त्याच दिवशी केंद्र म्हणतंय ४२ च्या आत.

प्रश्न सरळ आहे. उपग्रहाचं तापमान अचूक असतं का? असेल तर विम्याला पुरावा म्हणून का चालू नये? उपग्रहाला कोणी केळीच्या सावलीत बांधून ठेवलेलं नाही.

नागपुरी_ऊन

५८? आमच्याकडे तर २०२४ च्या मेअखेरीस जमिनीवरच्याच केंद्राने ५६ दाखवलं होतं. सगळ्या देशात बातमी झाली. दुसऱ्या दिवशी कळलं की सेन्सर बिघडला आहे. आम्ही मात्र एक दिवस जगातले सर्वांत उष्ण लोक म्हणून मिरवून घेतलं.

चिवचिव

जागा धरून ठेवते. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

किरणोत्सारी

केळीवाले दादा, मी उपग्रहाच्या माहितीवर काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

उपग्रह तापमान मोजत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या जमिनीतून, ढगातून, हवेतून निघालेल्या अदृश्य लहरी. अवरक्त पट्ट्यात साधारण १० ते १२ मायक्रोमीटरची एक खिडकी आहे, जिथे वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असतं. त्या खिडकीतून किती ऊर्जा आली हे उपकरण मोजतं आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान गणिताने काढलं जातं. मधल्या हवेतली वाफ थोडी ऊर्जा खाते. म्हणून ११ आणि १२ मायक्रोमीटरच्या आसपासचे दोन शेजारी पट्टे घेऊन त्यांच्या फरकावरून वाफेचा हिशेब करतात. निरभ्र आकाशाखाली आणि एकसारख्या जमिनीवर हे गणित साधारण १ अंशापर्यंत बरोबर येतं. म्हणजे अचूक आहे.

पण मोजलं काय? जमिनीची कातडी. वरचा मिलिमीटरभर थरसुद्धा नाही, त्याहून पातळ. मेमधल्या दुपारी नांगरून टाकलेली काळी जमीन ५८ अंशांना सहज जाते. अनवाणी चालून बघा. केंद्र मोजतं ती माणसाच्या छातीच्या उंचीवरची, सावलीतली, खेळती हवा. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. तुमच्या बाबतीत आहेत की नाहीत, तो पुढचा मुद्दा.

२०२२ च्या एप्रिलअखेर हाच गोंधळ झाला होता. युरोपच्या सेंटिनेल-३ उपग्रहाच्या नकाशात वायव्य भारतात ६० च्या वर, अहमदाबादच्या आसपास काही ठिकाणी ६५ पर्यंत रंग दिसले. 'भारतात पारा ६० पार' असे मेसेज फिरले. हवेचं तापमान तेव्हा तिथे पंचेचाळीसच्या आत होतं. आणि तो उपग्रह सकाळी १० च्या सुमारास वरून जातो, म्हणजे जमीन अजून तापायची होती!

शंकासुर

म्हणजे थोडक्यात, मोजत नाहीत, गणिताने काढतात. मग सरळ अंदाजपंचे म्हणा की. पाऱ्याच्या नळीला गणित लागत नाही.

किरणोत्सारी

@शंकासुर, नळीवर रेघा कोणी आखल्या? पारा किती फुगला की किती अंश, हेही गणितच आहे, फक्त ते तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलं. आणि केंद्रातल्या सेन्सरमध्ये आता पाराही नसतो. विजेचा रोध मोजून त्याचे अंश करतात.

वेण्णाकाठ

पृष्ठभाग आणि हवा यांचा फरक बघायला उपग्रहाची गरज नाही, आमच्याकडे या. दर हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या जेट्टीवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं. पर्यटक चमच्याने खरवडून फोटो काढतात. त्याच पहाटे महाबळेश्वरच्या वेधशाळेचा आकडा ६-७ अंश असतो. मग वर्तमानपत्रात भांडण: शून्याखाली गेलं की नाही? गेलं, पण टप आणि पान गेलं. निरभ्र रात्री उघडा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतीच्या हवेपेक्षा बराच थंड होतो. शिवाय तलाव खोलगट भागात, गार हवा तिथे साचते.

दिवसा उलटं. केळीवाल्या दादांचं ५८ त्यातलंच.

निफाडची_द्राक्षं

+१. आमच्याकडे निफाडचा आकडा आला की पुण्या-मुंबईचे लोक हळहळतात, पण आम्ही घाबरतो ते घडावर काय बसलंय त्याला. म्हणून पहाटे शेकोट्या आणि बागेला पाणी.

निवृत्त_निरीक्षक

मी आयुष्यभर वेधशाळेत निरीक्षणं घेतली. दोन शब्द जमिनीवरच्या बाजूने.

तापमापक ज्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. झडपा अशासाठी की ऊन आणि जमिनीची धग थेट आत येऊ नये, पण वारा खेळावा. उंची सव्वा ते दोन मीटर. खाली गवत असावं, काँक्रीट नको. कमाल तापमापकाच्या नळीत चिंचोळा भाग असतो, त्यामुळे चढलेला पारा आपोआप उतरत नाही. संध्याकाळी साडेपाचला वाचायचा. मग झटका देऊन उतरवायचा. एवढं साधं.

पण साधं आहे म्हणून बिनचूक नाही. जागतिक हवामान संघटनेने केंद्राच्या जागेचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात आसपास भिंत, डांबर, पाण्याचा साठा काही नको, सावली नको. पाचव्या वर्गात, म्हणजे कुठेही ठोकून दिलेल्या केंद्रात, नुसत्या जागेमुळे ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो असं त्यांचं म्हणणं आहे. पाच अंश! यंत्र उत्तम, तरीही. वर कुंपणाला टेकलेली ठिबकची केळी असं जे वर्णन केलंय, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. ती बाग स्वतःभोवती गारवा आणि ओलावा तयार करते. केंद्र मोजतंय ते मंडळाचं नव्हे, त्या बागेच्या कडेचं तापमान.

२०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवलं होतं. हवामान खात्याने प्रमाणित यंत्र शेजारी ठेवून तपासलं, केंद्र ३ अंश जास्त दाखवत होतं. नोंद रद्द. भारताचा विक्रम अजून फलोदीचाच, ५१ अंश, १९ मे २०१६. तपासायची पद्धत अशी असते: शेजारी प्रमाणित यंत्र. वरून फोटो काढून नव्हे.

नागपुरी_ऊन

काका, म्हणजे आमचं ५६ पण गेलंच ना? एक दिवस तरी ठेवायचं होतं.

शंकासुर

ठीक, जागेचा मुद्दा पटला. पण मूळ प्रश्नाला कोणी हात घालत नाही. उपग्रहाच्या नोंदी किती वेळा 'दुरुस्त' केल्या गेल्या सांगा ना. अमेरिकेतल्या दोन गटांना एकाच उपग्रहांच्या माहितीतून पृथ्वी तापण्याचे वेगवेगळे आकडे मिळतात. एकच माहिती, दोन उत्तरं. याला अचूकता म्हणतात?

किरणोत्सारी

चांगला प्रश्न, पण तो वेगळ्या उपकरणाचा आहे. तुम्ही म्हणता ते मायक्रोवेव्ह. हवेतला ऑक्सिजन ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतो, त्यावरून हवेच्या जाड थरांचं तापमान काढतात. १९७८ च्या अखेरीपासून सलग नोंदी आहेत. अलाबामा विद्यापीठाच्या स्पेन्सर आणि क्रिस्टी यांनी १९९० मध्ये त्या पहिल्यांदा एकत्र मांडल्या. सुरुवातीला तापमान वाढतच नाही असं दिसत होतं आणि त्यावरून पुष्कळ धुरळा उडाला.

मग एकेक गोष्ट उघड झाली. वातावरणाच्या विरळ थराशी घासून उपग्रह हळूहळू खाली येतात, बघण्याचा कोन बदलतो आणि खोटी थंडी दिसते. हे वेन्ट्झ आणि शाबेल यांनी १९९८ मध्ये दाखवलं. दुसरं, उपग्रहाची वरून जाण्याची वेळ वर्षागणिक सरकते. आज दुपारी अडीचला, काही वर्षांनी चारला. दुपारची जागा संध्याकाळने घेतली तर जग थंड झालं असं वाटणारच. ही दुरुस्ती अलाबामाच्या गटाने उलट्या चिन्हाने लावली होती. मिअर्स आणि वेन्ट्झ यांनी २००५ मध्ये ते निदर्शनास आणलं आणि त्या गटाने आकडे सुधारले. आजही अलाबामाच्या गटाचा कल, म्हणजे तापण्याचा वेग, दशकाला ०.१५ अंशाच्या आसपास, मिअर्स-वेन्ट्झ यांच्या गटाचा ०.२ च्या वर.

आता प्रमाण बघा. हे भांडण दशकाला अंशाच्या शंभराव्या भागांचं आहे. केळीवाल्यांचं भांडण अर्ध्या-एका अंशाचं, एका दुपारचं. रोजच्या अंदाजासाठी तर हे उपग्रह नसते तर पंचाईत झाली असती. नोएडाच्या हवामान अंदाज केंद्रात किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत प्रारूप, म्हणजे संगणकावरचं वातावरणाचं गणिती मॉडेल, चालवताना उपग्रहाचं 'तापमान' सहसा घेतच नाहीत, मूळ किरणांचं मोजमाप घेतात. प्रारूपाला विचारतात, तुझं वातावरण खरं असेल तर उपग्रहाला काय दिसायला हवं? आणि फरकावरून प्रारूप सुधारतात. उपग्रह सतत एकाच बाजूला चुकत असेल तर ती चूक मोजून वजा करतात. त्यासाठी आधार म्हणून फुग्यांची निरीक्षणं लागतात, जे पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचे म्हणून सोडतात.

चिवचिव

वाचनखूण साठवली. अर्धं कळलं, पण छान वाटलं.

दर्यावर्दी_मालवण

आमच्याकडे उपग्रहाच्या तापमानावर डिझेल जळतं, म्हणून बोलतो. हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे सरकारी सागरी माहिती केंद्राकडून, मासे कुठे मिळण्याची शक्यता ते येतं: दिशा, अंतर, खोली. ते समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून आणि पाण्याच्या रंगावरून काढतात. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं, त्या कडेला खाद्य साठतं, मग मासळी. पाणी २८.४ की २९.१, आम्हाला सुतराम फरक पडत नाही. कड कुठे आहे ते हवं. वारा पडलेल्या दुपारी पाण्याची वरची साय खालच्यापेक्षा चांगलीच तापते, तेव्हा आकडा फसतो. कडही पुसट होते. आणि ढग आले की बंद, उपग्रहाला काही दिसत नाही. तसेही पश्चिम किनाऱ्याला जून-जुलै बंदीच.

ढगवेडा

ढगांवरून आठवलं. पावसाळ्यात गटागटांत फिरणारं इन्सॅट या आपल्या उपग्रहाचं रंगीत चित्र. बऱ्याच जणांना वाटतं लाल म्हणजे गरम. त्या रंगपट्टीत लाल-काळं म्हणजे अतिथंड. ढगाचा माथा उणे ७०-८० म्हणजे तो १५ किलोमीटरच्या आसपास चढलाय, खाली धो धो असण्याची शक्यता. चक्रीवादळाची ताकदही समुद्रावर अशीच जोखतात, डोळा किती उबदार आणि भोवतीची भिंत किती गार यावरून. ड्वोरॅक पद्धत, १९७० च्या दशकातली, अजून चालते.

पण आमच्या सह्याद्रीत ही युक्ती हमखास फसते. घाटावर आदळून चढणारे मोसमी ढग ठेंगणे असतात. माथा फार गार नाही, म्हणून उपग्रह म्हणतो किरकोळ पाऊस, आणि ताम्हिणी-महाबळेश्वरला दिवसभरात दोनशे मिलिमीटर. आयआयटीएमने महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली आहे ती उगाच नाही.

पेठेतला

अवांतर: पुण्यात हिवाळ्यात शिवाजीनगर ९, पाषाण ८, कोरेगाव पार्क १५. तिन्ही अधिकृत. आमच्या पेठेत किती ते कोणीच सांगत नाही, कारण इथे पेटी ठेवायला गवत शिल्लक नाही.

किरणोत्सारी

@पेठेतला, शहरांसाठी उपग्रह फार कामाचा. पण एक गंमत. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतातल्या शहरांचा अभ्यास छापला. उन्हाळ्यात दिवसा उपग्रहाला बरीच शहरं आसपासच्या खेड्यांपेक्षा *गार* दिसतात. कारण पीक निघालेलं असतं, रानं उघडी, आणि शहरात निदान बागा आणि झाडं असतात. रात्री मात्र शहरच गरम. शिवाय चकचकीत नवा पत्रा अवरक्त लहरी फार कमी सोडतो आणि वरचं गार आकाशच परावर्तित करतो. उपग्रहाला तो आहे त्याहून थंड दिसतो, खाली माणूस शिजत असला तरी. या सोडण्याच्या क्षमतेचा अंदाज शंभरात एकाने चुकला तरी तापमान अर्धा-पाऊण अंश हलतं.

रावेरचा_केळीवाला

सगळ्यांचे आभार. बरंच नवीन कळलं. पण मग माझ्या बागेचं काय? नकाशात माझं गाव लाल होतं ते खोटं नाही ना?

किरणोत्सारी

खोटं नाही. पण दादा, नकाशा मोठा करून बघा. तुम्ही पाहिला तो बहुधा एक किलोमीटरच्या चौकोनांचा आहे. लाल चौकोन आहेत ती उघडी रानं. ओलिताची केळी पानांतून भरपूर पाणी सोडते, त्यामुळे ती वरून पंधरा अंशांनीही गार दिसू शकते. लँडसॅट उपग्रहाचा शंभर मीटरवाला नकाशा काढला तर तुमची बाग हिरव्या-निळ्या रंगात येईल. विमावाल्यांना तो मिळाला तर ते म्हणतील, बघा, उपग्रह तर तुमची बाग गार सांगतोय. हा पुरावा तुमच्याच अंगावर येईल.

शंकासुर

हाहाहा. हे मात्र भारी.

कृषी_कट्टा

मी विम्याच्या प्रकरणांत शेतकऱ्यांना मदत करते, म्हणून रोखठोक सांगते. विज्ञान बाजूला ठेवा. तुमच्या योजनेत संदर्भ केंद्र कोणतं आणि मोजायचं काय हे लिहिलेलं असतं. 'हवेचं कमाल तापमान, अमुक केंद्र.' तिथे उपग्रह शब्द नसेल तर नासाचा शिक्का आणला तरी उपयोग नाही. पीक विम्यात उपग्रह शिरलाय, पण तो दुसऱ्या बाजूने: २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढायला.

तुम्ही लढायचं ते केंद्राच्या जागेवर. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत, आणि मागणी एकच: संयुक्त पाहणी. त्या शेतात केळी कधी लावली ते ई-पीक पाहणीत सापडेल. केंद्र आधी की बाग आधी, ते तारखेने सिद्ध होतं.

निवृत्त_निरीक्षक

सहमत. पाहणीच्या वेळी खांबावरून चारही दिशांना फोटो घ्या, फोटोत दिशा लिहा. झाडांची उंची आणि खांबापासूनचं अंतर टेपने मोजा. सावली कितीपर्यंत येते ते सकाळी ८, दुपारी १ आणि ४ ला. शेजारच्या तीन-चार मंडळांचे त्याच दिवसांचे कमाल आकडे काढून ठेवा. सगळ्यांत हेच केंद्र रोज दीड-दोन अंश खाली असेल, आणि आर्द्रता रोज जास्त, तर बागेचा परिणाम कागदावर दिसेल. आर्द्रता विसरू नका. बहुतेक लोक फक्त तापमान मागतात.

किरणोत्सारी

आणि उपग्रह इथे उपयोगी पडेल! आकड्यासाठी नाही, जागेसाठी. सेंटिनेल-२ उपग्रहाची साधी दृश्य छायाचित्रं फुकट मिळतात, दहा मीटरची. केंद्र उभारलं त्या वर्षीचा मे आणि यंदाचा मे शेजारी ठेवा. भोवतीचं रान तपकिरीचं हिरवं झालेलं कोणालाही कळेल. आमचे इस्रोवाले आणि फ्रान्सचे लोक मिळून 'तृष्णा' नावाचा उपग्रह आणत आहेत, साठ मीटरच्या आसपास बारकाईने तापमान देणारा. पिकाला पाण्याचा ताण आहे का ते त्यातून शेतागणिक दिसेल.

रावेरचा_केळीवाला

हे पटलं. भाच्याला कामाला लावतो. आर्द्रतेचं मनातही आलं नव्हतं. ते केंद्र ज्यांच्या शेतात आहे ते माझे चुलतसासरे आहेत, हे आधी सांगितलं नाही.

नागपुरी_ऊन

दादा, मग पाहणीच्या दिवशी जेवण कुठे?

शंकासुर

जाता जाता. मायक्रोवेव्ह ढगातून पार होतात म्हणतात, मग फाईव्ह-जी आल्यावर त्यात गडबड होणार असं वाचलं होतं. ती आवई होती का?

किरणोत्सारी

आवई नाही. पाण्याची वाफ २३.८ गिगाहर्ट्झजवळ अगदी क्षीण लहरी सोडते, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत २४ गिगाहर्ट्झच्या लगतचा पट्टा फोन कंपन्यांना लिलावात दिला, त्यावरून हवामानवाले आणि दूरसंचारवाले यांची जुंपली होती. शेजाऱ्याकडून किती गळती चालेल यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरल्या, हवामानवाल्यांना हव्या होत्या त्यापेक्षा सैल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. इथे केळीवाल्यांचं काम चालू द्या.